ड्रायव्हरमधली वीज आणि मेमरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत छोट्या संगणकांचे बोर्ड बनवणारी मंडळी, सांगलीच्या विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजची शेवटच्या वर्षाची मुलं आणि तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत हवामान यंत्रं बसवणारे, या सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. प्रश्न ड्रायव्हरचे, म्हणजे सेन्सर किंवा डोंगलसारखं एकेक उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे: त्याने वीज आणि मेमरी कशी वाचवायची. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. उदाहरणं लिनक्सची आहेत, कारण इथल्या बोर्डांवर बहुतेक तेच चालतं. विंडोजबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

वीज वाचवणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम आहे ना? ड्रायव्हर लिहिणाऱ्याने त्यात का पडायचं?

प्रोसेसर रिकामा आहे की नाही हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, स्वतःला कळतं. पण पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर आता दहा मिनिटं कुणाला लागणार नाही, हे त्याला कोण सांगणार? ते ड्रायव्हरलाच ठाऊक असतं. शेवटचं वाचन कधी झालं, रांगेत अजून काही आहे का, वीज तोडली तर चिपमधलं काय पुसलं जाईल, ही सगळी माहिती त्याच्याकडे असते. कर्नल फक्त हिशेबाची वही पुरवतो. लिनक्समध्ये ही वही म्हणजे रनटाइम पीएम (पीएम म्हणजे पॉवर मॅनेजमेंट). ती राफाएल विसॉकी यांच्या कामातून २.६.३२ आवृत्तीत, म्हणजे डिसेंबर २००९ मध्ये आली. वहीत नोंदी करायच्या त्या ड्रायव्हरनेच.

त्याने किती फरक पडतो ते बागेतल्या यंत्रावर बघा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. ती निम्म्याखाली उतरवायची नाही असं धरलं तर हातात उरतात ४२. बोर्ड सतत २ वॅट खात असेल तर ऊन नसताना २१ तासांत खेळ खलास. तोच सरासरी अर्ध्या वॅटवर आणला तर ८४ तास, म्हणजे साडेतीन दिवस. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर परतीचा पाऊस आला की आभाळ दोन-तीन दिवस सहज भरून राहतं, आणि डाऊनी या रोगाचा धोकाही नेमका तेव्हाच असतो. नेमकं तेव्हाच यंत्र बंद पडत असेल तर ते बसवून उपयोग काय?

सिस्टिम सस्पेंड आणि रनटाइम सस्पेंड यांत फरक काय?

लॅपटॉपचं झाकण मिटलं की सगळी यंत्रणा एकदम झोपते, तो सिस्टिम सस्पेंड. प्रोग्रॅम गोठतात आणि मग एकेका ड्रायव्हरचं सस्पेंड फंक्शन ठरलेल्या क्रमाने बोलावलं जातं, आधी मुलं (दुसऱ्या उपकरणाला जोडलेली उपकरणं), मग पालक (ज्याला ती जोडलेली आहेत ते). रनटाइम सस्पेंडमध्ये यंत्रणा चालूच राहते, फक्त ज्या उपकरणाला काम नाही तेवढं झोपतं.

सतत चालणाऱ्या बोर्डावर खरी बचत दुसऱ्या प्रकारात आहे. तरी कॉलेजची मुलं प्रोजेक्टमध्ये पहिला प्रकार आधी लिहितात, कारण तो दाखवायला सोपा असतो, स्क्रीन काळी होते!

दोन्हींसाठी वेगवेगळा कोड लिहायची गरज बहुधा पडत नाही. पीएम_रनटाइम_फोर्स_सस्पेंड हे कर्नलचं फंक्शन आणि त्याचं जोडीदार फोर्स_रिझ्यूम सिस्टिम सस्पेंडच्या जागी लावली की रनटाइमचीच फंक्शनं दोन्हीकडे कामाला येतात.

गेट-पुटचा हिशेब नेमका कसा चालतो? माझं उपकरण झोपतच नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

प्रत्येक उपकरणाला वापराचा एक आकडा असतो. काम सुरू करताना गेट करायचं, आकडा एकाने वाढतो. काम संपलं की पुट, आकडा उतरतो. तो शून्यावर आला की कर्नल उपकरणाला झोपवायला मोकळा. एवढंच. पण एक गेट जरी पुटविना राहिलं, तर यंत्र बंद करेपर्यंत ते उपकरण जागंच.

तासगावकडच्या एका बागेतल्या बोर्डाची तक्रार अशी होती की पाऊस पडला की बॅटरी उतरते. सगळ्यांनी साहजिकच पॅनेलला दोष दिला: ढग आले, चार्जिंग कमी झालं. पण ऊन पडून दोन दिवस झाले तरी खप कमी होईना. बोर्डात शिरून त्या सेन्सरच्या पॉवर फोल्डरमधली रनटाइम_स्टेटस फाइल वाचली तर तिच्यात कायम ‘ॲक्टिव्ह’. रनटाइम_सस्पेंडेड_टाइम पुन्हा पुन्हा वाचलं, आकडा जागचा हलेना. कर्नल पीएमच्या प्रगत डीबग पर्यायासह बांधलेला होता म्हणून रनटाइम_यूसेज फाइलही दिसत होती. शून्यावर यायला हवा तो आकडा तिथे वर चढून बसला होता.

भानगड वाचनाच्या फंक्शनमध्ये होती. सुरुवातीला गेट, मग आयटूसीवरून (सेन्सरला जोडणाऱ्या तारांवरून) वाचन, वाचन फसलं तर तिथूनच रिटर्न, आणि पुट त्याच्या खालच्या ओळीवर. कोरड्या दिवसांत वाचन कधी फसतच नव्हतं. केबलच्या जोडात पाणी शिरलं की एखादं वाचन फसायचं आणि प्रत्येक वेळी आकडा एकाने वर. जोड वाळला, वाचनं पूर्ववत झाली, पण चढलेला आकडा उतरवणार कोण? सेन्सरला वीज देणारा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर रात्रंदिवस चालू राहिला. दुरुस्ती एका ओळीची: चुकीची वाट आणि बरोबर वाट, दोन्ही एकाच लेबलपाशी आणायच्या आणि पुट तिथे करायचं.

याच घरातला आणखी एक सापळा. पीएम_रनटाइम_गेट_सिंक अपयशी ठरलं तरी आकडा वाढवूनच परत येतं. ‘मिळालंच नाही तर परत कशाला करायचं’ हा साधा तर्क इथे फसतो. कर्नलच्या ५.१० आवृत्तीपासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे. ते अपयश आलं तर आकडा स्वतःच उतरवतं. नव्या कोडमध्ये तेच वापरा. जुना ड्रायव्हर हातात आला तर सगळ्यात आधी गेट_सिंक शोधा आणि प्रत्येकाच्या खालची चुकीची वाट बोट ठेवून वाचा.

काम संपलं की लगेच झोपवावं का?

सहसा नाही. झोपवायला आणि उठवायलाही वीज लागते. एका तांब्यासाठी विहिरीवरची मोटर दर वेळी चालू-बंद करत बसलात तर पाण्यापेक्षा मोटरच जास्त खाईल.

हिशेब सोपा आहे. समजा उपकरण रिकामं पण जागं असताना १२ मिलिवॅट घेतं आणि झोपेत ०.२. एकदा झोपवून परत उठवायला ३ मिलिज्यूल जातात. झोपेत दर सेकंदाला ११.८ मिलिज्यूल वाचतात, म्हणजे साधारण पाव सेकंदाच्या वर झोप मिळणार असेल तरच सौदा फायद्याचा. कामं दर १०० मिलिसेकंदांनी येत असतील तर त्याला जागंच राहू द्या.

पुढचं काम कधी येणार हे आधी ठाऊक नसतं, म्हणून ऑटोसस्पेंड आहे. शेवटच्या वापरानंतर ठरावीक वेळ गेला तरच झोप. हा वेळ ड्रायव्हर सुचवतो आणि वापरणाऱ्याला तो ऑटोसस्पेंड_डिले_एमएस फाइलमधून बदलता येतो. यूएसबीत तो मुळात २ सेकंद असतो. तुमच्या उपकरणाला काय योग्य ते मोजून ठरवा. शेजारच्या ड्रायव्हरमधला आकडा उचलून डकवू नका.

उठायला लागणारा वेळही धरावा लागतो. पीसीआय जोडणीवरचं उपकरण डी३हॉट या झोपेतून डी० या पूर्ण जाग्या अवस्थेत आणताना १० मिलिसेकंद थांबावं लागतं. डी३कोल्डमध्ये वीजच तोडलेली असते, तिथून उठायला त्याहून बराच जास्त वेळ जातो. ऑडिओ किंवा नियंत्रणाच्या कामात हे १० मिलिसेकंदही कुणाला तरी ऐकू येतात.

बोर्डाला ४जी डोंगल लावलं की खप एकदम वाढतो. डोंगल तर रिकामंच असतं.

डोंगल रिकामं असेल, झोपलेलं नसतं. हब सोडून बाकीच्या यूएसबी उपकरणांना ऑटोसस्पेंड मुळात बंद असतो, म्हणजे पॉवर/कंट्रोल फाइलमध्ये ‘ऑन’ लिहिलेलं असतं. आणि मूल जागं असेल तर पालक झोपू शकत नाही. एका डोंगलपायी वरचा हब जागा, त्याच्या वरचा होस्ट कंट्रोलर जागा, त्याचं क्लॉक (चिपला ठेका देणारा सिग्नल) चालू.

फाइलमध्ये ‘ऑटो’ लिहून बघा. ड्रायव्हरला जमत असेल तर सगळी साखळी झोपते. पण काही डोंगल उठताना आधीचं सगळं विसरतात आणि नवीन उपकरण म्हणून समोर येतात. मग नेटवर्क तुटतं. अशा डोंगलच्या नादी लागण्यापेक्षा माहिती साठवून तासातून एकदा पाठवावी आणि मधल्या वेळात त्या पोर्टची वीजच तोडावी, असं माझं मत आहे. बागेतल्या आर्द्रतेचा आकडा मिनिटामिनिटाला पुण्याच्या सर्व्हरवर जाऊन कुणाचं भलं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

मेमरी कमी वापरली की वीज वाचते का?

थेट नाही. डीरॅमला, म्हणजे मुख्य मेमरीला, भरलेलं पान (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) आणि रिकामं पान सारखंच. सगळे सेल साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजे करावेच लागतात. मोबाइलच्या एलपीडीडीआर मेमरीमध्ये चिपचा ठरावीक भागच ताजा ठेवायची सोय असते, पण ते ड्रायव्हरच्या हातातलं काम नाही. म्हणून झोपायला जाताना दोन-चार बफर (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागा) मोकळे करून वीज वाचेल या आशेवर कोड लिहू नका. उठल्यावर तेच परत मागावे लागतील, आणि तेव्हा मिळतीलच असं नाही.

आडवळणाने मात्र संबंध आहे. ६४ एमबीच्या बोर्डावर ड्रायव्हरने भरमसाट मेमरी अडवली की कर्नल जुनी पानं काढून फेकत, फ्लॅशवरून परत वाचत बसतो. त्यात प्रोसेसर जागा राहतो. हायबरनेशनमध्येही (मेमरी डिस्कवर लिहून यंत्र बंद करताना) अडवलेली मेमरी डिस्कवरच्या प्रतिमेत जाते.

खरा व्यवहार बहुतेक वेळा उलट्या दिशेचा असतो: मेमरी देऊन वीज विकत घ्यायची.

म्हणजे कशी?

साखर कारखान्यात गळीत हंगामात मिलच्या बेअरिंगची थरथर मोजणारा बॅटरीवरचा सेन्सर घ्या. तीन अक्ष, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला ४०० वाचनं. दर वाचनाला इंटरप्ट (प्रोसेसरला ‘काम आलं’ अशी हाक) घेतला तर प्रोसेसर सेकंदाला ४०० वेळा उठणार. त्याला खोल झोप कधी लागायचीच नाही.

बऱ्याच सेन्सर चिपमध्ये स्वतःचा फीफो, म्हणजे वाचनांची छोटी रांग, असतो. ३२ वाचनं साठल्यावरच इंटरप्ट दे असं सांगितलं की उठणं सेकंदाला साडेबारांवर येतं. पुढे ड्रायव्हर ती वाचनं आपल्या बफरमध्ये साठवतो आणि वरच्या प्रोग्रॅमला दहा सेकंदांतून एकदाच उठवतो. त्यासाठी बफर लागतो २४,००० बाइटचा. एवढ्या मेमरीच्या बदल्यात प्रोग्रॅमचं उठणं दहा सेकंदांत ४,००० वरून एकावर येत असेल तर मी तो सौदा डोळे झाकून करेन.

किंमत मेमरीपुरती नसते, उशीर होतो तो वेगळाच. बेअरिंग तापून थरथरायला लागलं तर सूचना दहा सेकंदांनी मिळून चालेल का? नसेल चालत तर चिपचा मर्यादा-इंटरप्ट वेगळा जोडा. नेहमीची वाचनं सावकाश, धोक्याची लगेच. आणि साठ्याची मर्यादा प्रोग्रॅमला बदलता आली पाहिजे, ड्रायव्हरमध्ये पक्की ठोकून ठेवू नका. लिनक्सच्या आयआयओ या सेन्सर ड्रायव्हरांच्या चौकटीत वॉटरमार्कची (किती साठल्यावर उठवायचं त्या आकड्याची) सोय याचसाठी आहे.

केमॅलॉकने ६,००० बाइट मागितले तर तेवढेच मिळतात ना?

नाही, ८,१९२ जातात. केमॅलॉक हे कर्नलमध्ये मेमरी मागायचं फंक्शन, आणि त्याच्याकडे ठरावीक मापांचे साठे असतात: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, मग ५१२ आणि तिथून दुपटीने ८,१९२ पर्यंत. मागणी वरच्या मापाला जाते. त्याहून मोठी मागणी थेट पानांच्या हिशेबात, तीही दोनच्या घातात. वरचे २४,००० बाइट केमॅलॉकने घेतले तर ३२ केबी जातील. असा बफर डीएमएसाठी (उपकरणाने प्रोसेसरशिवाय थेट मेमरी वाचण्या-लिहिण्यासाठी) नसेल तर विखुरलेली पानं जोडून देणाऱ्या व्हीमॅलॉकने सहा पानांत बसतो.

लहान मापांतही गळती असते. २६० बाइटची रचना (स्ट्रक्ट) एक-दोनदा हवी असेल तर विचार करू नका. हजार हवी असतील तर ५१२ च्या साठ्यातून पाच लाख बारा हजार बाइट जातील. त्याच मापाचा स्वतःचा साठा केएमईएम_कॅश_क्रिएटने बनवला तर साधारण पावणेतीन लाखांत भागतं. आधी मात्र ‘पाहोल’ हे साधन चालवून रचनेत रिकाम्या फटी किती आहेत ते बघा. एक बाइट, मग आठ बाइट, मग परत एक बाइट असे सदस्य ठेवले तर २४ बाइट लागतात. दोन्ही लहान सदस्य शेजारी आणले की १६. कधी कधी एवढ्यावरच २६० ची रचना २५६ मध्ये बसते आणि वेगळ्या साठ्याची गरजच उरत नाही.

६४-बिट आर्मवर काम करणाऱ्यांसाठी: २०२३ च्या ६.५ आवृत्तीपर्यंत तिथे सगळ्यात लहान माप १२८ बाइट होतं, कारण डीएमए आणि कॅशमधल्या (प्रोसेसरजवळच्या झटपट मेमरीतल्या) कॅश लाइन यांची गल्लत होऊ द्यायची नव्हती. ८ बाइट मागा, १२८ द्या. बोर्डवाल्याने दिलेला कर्नल जुना असेल तर हे तुम्हाला अजूनही लागू आहे.

डीएमएसाठी कोहेरंट मेमरी घेतली की झंझट मिटते असं ऐकलं.

कोहेरंट मेमरीत प्रोसेसर आणि उपकरण यांना एकच ताजा डेटा दिसतो, म्हणून झंझट मिटते, पण दोन ठिकाणी पैसे मोजावे लागतात. पहिलं, डीएमए_ॲलॉक_कोहेरंट निदान एक पान देतं. ३२ बाइटचे ६४ डिस्क्रिप्टर (डेटा कुठे आहे ते उपकरणाला सांगणाऱ्या नोंदी) एकेक करून मागितले तर ४ केबी गुणिले ६४, म्हणजे २५६ केबी गेले. खरी गरज २ केबीची! डीएमए_पूल याचसाठी आहे, किंवा सगळे एकाच मागणीत घ्या.

दुसरं जास्त छुपं आहे. ज्या आर्म चिपमध्ये डीएमए आणि प्रोसेसरचा कॅश यांचं आपोआप जुळत नाही, तिथे कोहेरंट मेमरी सहसा कॅशविना जोडली जाते. मोठा डेटा अशा मेमरीतून प्रोसेसरने वाचायचा म्हणजे प्रत्येक शब्दासाठी डीरॅमपर्यंत हेलपाटा. काम लांबतं, प्रोसेसर तेवढा वेळ जास्त जागा राहतो. म्हणून नियम असा ठेवा: डिस्क्रिप्टरला कोहेरंट, डेटाला साधी मेमरी आणि डीएमए_मॅप_सिंगल.

नेटवर्क ड्रायव्हर लोड केला की ८ एमबी कुठे जातात?

८ रांगा, प्रत्येकी ५१२ डिस्क्रिप्टर, प्रत्येकाला २ केबीचा बफर: गुणाकार करा, ८ एमबीच येतात. चार कोअरच्या लहान बोर्डाला आठ रांगा कशाला? आणि हे सगळं प्रोबमध्ये (ड्रायव्हर उपकरणाशी जोडला जाताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) घेऊ नका, इंटरफेस वर आणताना ओपनमध्ये घ्या आणि खाली नेताना सोडा. केबलच न लावलेलं पोर्ट मेमरी अडवून बसलेलं असतं, ते यामुळेच.

झोपेत चिपची रजिस्टरं पुसली जातात. ती कुठे ठेवायची?

रजिस्टरं म्हणजे चिपच्या सेटिंग ठेवणारे छोटे कप्पे. आधी ती खरंच पुसली जातात का ते चिपच्या डेटाशीटमध्ये बघा. फक्त क्लॉक थांबत असेल तर सहसा टिकतात, वीज जात असेल तर जातात.

दहा-पंधरा रजिस्टरं असतील तर ड्रायव्हरच्या स्वतःच्या रचनेत ठेवा, विषय संपला. जास्त असतील तर रेगमॅप या कर्नलच्या सोयीतला कॅश (रजिस्टरांची मेमरीतली प्रत) वापरा. झोपताना ‘आता फक्त कॅशवर लिही’ आणि ‘कॅश बदललेला धर’ असं सांगायचं, उठल्यावर रेगकॅश_सिंक. पण कॅशचा प्रकार डोळसपणे निवडा. फ्लॅट प्रकार शून्यापासून शेवटच्या रजिस्टरपर्यंत प्रत्येकाला ४ बाइट देतो. पत्ते ६५,५३५ पर्यंत पसरलेले आणि कामाची रजिस्टरं ४०, असं असेल तर १६० बाइटच्या माहितीसाठी २५६ केबी गेले. विखुरलेल्या पत्त्यांना आरबीट्री किंवा २०२३ मध्ये आलेला मेपल प्रकार घ्या. पत्ते सलग आणि थोडे असतील तर फ्लॅटच चांगला, तो झटपट सापडतो.

सस्पेंड किंवा रिझ्यूममध्ये मेमरी मागितली तर चालते का?

टाळा. मेमरी कमी पडली की कर्नल एरवी पानं डिस्कवर ढकलून जागा करतो. पण डिस्कच झोपली असेल तर? ती उठायची वाट कर्नल बघणार, ती उठवायला मेमरी लागणार, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसणार. सिस्टिम सस्पेंडच्या वेळी कर्नल स्वतःच अशा मागण्यांतून आयओची परवानगी काढून घेतो, त्यामुळे गाडी अडकत नाही, पण मेमरी नाकारली जाण्याची शक्यता वाढते. उठण्यासाठी जे लागेल ते प्रोबमध्येच घेऊन ठेवा. हा ओव्हरहेड (जादा खर्च) योग्य आहे, तो कापायला जाऊ नका.

फर्मवेअरचंही (चिपमध्ये भरायच्या प्रोग्रॅमचंही) तसंच. सिस्टिम सस्पेंडच्या आधी कर्नल ड्रायव्हरांनी मागितलेली फर्मवेअर मेमरीत साठवून ठेवतो, म्हणजे उठताना डिस्कची वाट बघावी लागत नाही, आणि उठल्यावर थोड्या वेळाने ती सोडून देतो.

उपकरण झोपलेलं असताना इंटरप्ट आला तर?

इंटरप्टची ओळ दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली असेल तर हे होणारच. हँडलरने (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनने) आंधळेपणाने रजिस्टर वाचलं तर पीसीआयवर सगळे बिट १ मिळतात, म्हणजे ‘प्रत्येक इंटरप्ट माझाच’ असा समज होतो. काही आर्म चिपवर तर क्लॉक नसलेल्या भागाला हात लावताच कर्नल आडवा होतो. पीएम_रनटाइम_गेट_इफ_ॲक्टिव्हने आधी विचारा. झोपलेलं असेल तर इंटरप्ट आपला नाही असं सांगून बाहेर पडा.

हँडलरमधूनच उठवता यावं म्हणून काही जण पीएम_रनटाइम_आयआरक्यू_सेफ लावून मोकळे होतात. त्याने पालक उपकरण कायमचं जागं ठेवलं जातं, हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे पण कुणी वाचत नाही. थ्रेडेड हँडलर, म्हणजे वेगळ्या थ्रेडमध्ये चालणारा, घ्या आणि तिथे शांतपणे उठवा.

देव्हएम_केझेडॅलॉकने ओव्हरहेड वाढतो का?

हो. देव्हएमने घेतलेली मेमरी ड्रायव्हर निघाला की आपोआप सुटते, त्यासाठी दर मागणीला एक शीर्षक जोडलं जातं आणि पत्ता जुळवायला जागा सुटते. तरीही वापरा. लहान लहान वीस मागण्यांऐवजी एकच रचना मागा, म्हणजे झालं. जे गेट-पुटसारखं वारंवार घ्यायचं-सोडायचं आहे त्याला मात्र देव्हएम लावू नका.

सगळं लिहिलं. आता मोजायचं कशाने?

आधी फुकटची साधनं. रनटाइम_ॲक्टिव्ह_टाइम आणि रनटाइम_सस्पेंडेड_टाइम हे दोन आकडे तासाभराच्या अंतराने वाचा, झोपेचं प्रमाण कळतं. प्रॉक/इंटरप्ट्सवरून कोण किती वेळा उठवतंय ते दिसतं. एफट्रेस या कर्नलच्या नोंदवहीत आरपीएम (रनटाइम पीएम) गटाच्या घटना चालू केल्या की कोणतं उपकरण कधी झोपलं, कधी उठलं, मिलिसेकंदानिशी सापडतं. मेमरीसाठी स्लॅबटॉप. गळतीचा संशय असेल तर केमेमलीक, पण तो चाचणीच्या कर्नलमध्येच, कारण तो स्वतः भरपूर मेमरी खातो.

लॅपटॉपवर पॉवरटॉप चांगला आहे. त्यातले वॅटचे आकडे मात्र अंदाज असतात, ते ग्राहकाला दाखवू नका. खरा खप शंटवरूनच (तारेत घातलेल्या छोट्या रोधावरून) मोजावा. आयएनए२१९ चं छोटं मोड्यूल पुरवठ्याच्या तारेत घातलं की काम होतं. ड्रायव्हर लोड न करता एक, लोड करून पण रिकामा एक, काम चालू असताना एक, अशी तीन मोजमापं घ्या. मधलं मोजमाप पहिल्याच्या जवळ येत नसेल तर ड्रायव्हर झोपत नाहीये, मग फाइलमध्ये काहीही दिसो.

प्रोबमध्ये काय करायचं राहून जातं?

कर्नल धरून चालतो की उपकरण झोपलेलं आहे. बूटलोडरने (कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमने) ते आधीच चालू करून ठेवलं असेल तर पीएम_रनटाइम_सेट_ॲक्टिव्ह आधी आणि इनेबल नंतर, हा क्रम पाळा. आणि काही लोक कर्नलमधून पीएमचा पर्यायच काढून टाकतात, तेव्हा रनटाइम सस्पेंड आणि रिझ्यूम कधी बोलावलेच जात नाहीत. चिप चालू करणं फक्त रनटाइम रिझ्यूमवर सोपवलं असेल तर तशा कर्नलवर ती मुळी चालूच होणार नाही.

विंडोजवर हे सगळं वेगळं आहे का?

नावं वेगळी, दुखणी तीच. डब्ल्यूडीएफ (विंडोजची ड्रायव्हर लिहायची चौकट) वापरत असाल तर डी०एंट्री आणि डी०एक्झिट ही दोन फंक्शनं म्हणजे उठणं आणि झोपणं. रिकामं राहिल्यावर झोपायची वेळ एस०-आयडल सेटिंगमध्ये देता येते. डब्ल्यूडीएम या जुन्या पद्धतीत विजेचे आयआरपी (विंडोजकडून ड्रायव्हरला येणाऱ्या मागण्या) हाताने पुढे ढकलावे लागत आणि त्यात चांगले चांगले गारद झाले. आज नवा ड्रायव्हर डब्ल्यूडीएममध्ये सुरू करायला मी कुणालाच सांगणार नाही.

मेमरीत नॉनपेज्ड पूल हा महागडा माल आहे, तो कधीच डिस्कवर जात नाही. इंटरप्टच्या वाटेवर जे लागतं तेवढंच त्यात ठेवा. दर मागणीला स्वतःचा चार अक्षरांचा टॅग द्या, म्हणजे पूलमॉन या साधनात गळती कुणाची ते लगेच कळतं. आणि विंडोजचं ड्रायव्हर व्हेरिफायर हे तपासणीचं साधन चालू न करता चाचणी झाली असं म्हणू नका.

सांगलीत बसून हे करून बघायला काय लागेल?

बीगलबोन ब्लॅक हा सरावाला बरा बोर्ड आहे, ५१२ एमबी मेमरी आणि झोपेच्या बऱ्याच पातळ्या. रॅस्पबेरी पाय ४ वर सस्पेंड-टू-रॅम नाही, त्यामुळे सिस्टिम सस्पेंड शिकायला तो कामाचा नाही, पण रनटाइम पीएम त्यावर व्यवस्थित शिकता येतं. बोर्डच नसेल तर क्यूएमू या सॉफ्टवेअरमधल्या नकली संगणकावर गेट-पुटचा हिशेब आणि मेमरीची गळती दोन्ही तपासता येतात, फक्त वॅट दिसणार नाहीत.

पहिला सराव म्हणून नवीन ड्रायव्हर लिहू नका. कर्नलमधला एखादा छोटा आयआयओ सेन्सर ड्रायव्हर घ्या, चालवा, आणि चालू असताना सेन्सरची डेटा तार उपटा. मग रनटाइम_यूसेज वाचा.